टोपकापी पॅलेस म्युझियम, इस्तंबूल : हिरा बघून परत फिरू नका, अख्खा दिवस काढा

सरळ सांगते, पाचपैकी पाच स्टार. अट एकच, दिवस अख्खा द्यायचा. आपल्याकडून जाणारे ग्रुप टूरवाले टोपकापीला दीड-दोन तास देतात (मी ज्यांच्याबरोबर गेले त्यांचं नाव घालत नाही), त्यातला निम्मा वेळ खजिन्याच्या रांगेत जातो, 86 कॅरेटच्या त्या प्रसिद्ध हिऱ्यासमोरून 'चला चला पुढे चला' करत आपण सरकतो, मागे समुद्राच्या बाजूला फोटो काढतो आणि झालं टोपकापी. मला इतकी चुटपुट लागून राहिली की मोकळ्या दिवशी ग्रुपचं शॉपिंग सोडून मी एकटीच परत गेले, एक लायसन्सवाले लोकल गाइड ठरवले, वयस्कर गृहस्थ, इंग्लिश बऱ्यापैकी, आणि त्यांनी जे दाखवलं त्याच्यावर हा रिव्ह्यू आहे.

त्यांची पद्धत अशी की कुठल्याही वस्तूसमोर उभं केलं की आधी विचारायचे, हे कोणाला दाखवायला केलंय? किंमत किती, वजन किती, कोणत्या राणीचं, हे सगळं नंतर. आणि खरंच, तो एक प्रश्न डोक्यात ठेवून फिरलं की अख्खा राजवाडा वेगळा दिसायला लागतो, कारण इथली दर दुसरी वस्तू कोणत्या ना कोणत्या दुसऱ्या दरबाराकडे बघून बनलेली आहे, किंवा तिकडून लुटून आणलेली, किंवा तिकडून नजराणा म्हणून आलेली.

थोडी पार्श्वभूमी लागतेच. 16व्या-17व्या शतकात तीन मोठे दरबार होते, इस्तंबूलचे ऑटोमन, इराणचे सफवी (राजधानी आधी तब्रीझ, मग कझवीन, मग इस्फहान) आणि आपल्याकडचे मुघल. ऑटोमन सुन्नी, सफवी शिया, त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर. 1514 मध्ये चाल्दिरानच्या लढाईत सुलतान सेलीम पहिला यानं शाह इस्माईलला हरवलं आणि थेट तब्रीझमध्ये घुसला. आता गंमत बघा, हा सेलीम कविता करायचा त्या फारसीत, आणि त्याचा शत्रू इराणचा शाह इस्माईल 'खताई' नावानं कविता करायचा त्या तुर्कीत! वैर रक्ताचं, पण आवड तीच, फारसी काव्य, हेरातला (आताच्या अफगाणिस्तानात) तैमूरच्या वंशजांच्या दरबारात तयार झालेली चित्रं, सोनेरी वेलबुट्टीची पोथी, सुंदर अक्षर. आपल्याकडे शेजारच्या दोन गणपती मंडळांचं असतं ना, एकमेकांचं तोंड बघत नाहीत पण देखावा एकमेकांवर नजर ठेवूनच ठरतो आणि यंदा यांच्याकडे असलेला कारागीर पुढच्या वर्षी त्यांच्याकडे, अगदी तसं. सेलीमनं तब्रीझ फार दिवस ताब्यात ठेवलं नाही, पण परत जाताना खजिन्याबरोबर कारागीर उचलून आणले. मुस्तफा अली नावाचा ऑटोमन इतिहासकार आहे, तो तर अशी कथा सांगतो की लढाईच्या आधी शाह इस्माईलनं आपला चित्रकार बिहजाद याला गुहेत लपवून ठेवलं आणि हरून आल्यावर पहिली चौकशी त्याची केली. ही दंतकथाच धरायची, पण एका ऑटोमन माणसाला ती लिहून ठेवावीशी वाटली यातच सगळं आलं.

राजवाड्याच्या दुसऱ्या अंगणात उजवीकडे स्वयंपाकघरं आहेत, वर चिमण्यांची रांग दिसते तीच. तिथे चिनी मातीची भांडी. हिरवट सेलाडॉन, निळी-पांढरी, टोपकापीच्या संग्रहात अशी दहा हजारांच्या वर चिनी भांडी आहेत. इथे फार वेळ घालवू नका, पण एवढं लक्षात ठेवा की निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचं वेड तिन्ही दरबारांना होतं, शाह अब्बासनं आपल्या घराण्याच्या अर्दबीलच्या दर्ग्याला हजारावर चिनी भांडी अर्पण केली होती. हे डोळ्यांत साठवून ठेवा, पुढे टाइल्सपाशी उपयोगी पडेल.

आता मुख्य गोष्ट. तिसरं अंगण सोडून थेट चौथ्या अंगणात वरच्या संगमरवरी गच्चीवर जा. तिथे सुन्नत ओदासी नावाची छोटी इमारत आहे, शाहजाद्यांच्या सुंतेचा महाल. लोक तिच्याकडे पाठ करून गोल्डन हॉर्न खाडीचे फोटो काढत असतात. तुम्ही भिंतीकडे तोंड करा. दरवाजाच्या बाजूला उंच निळे-पांढरे पॅनल आहेत, एकेक टाइल सव्वा मीटरच्या आसपास उंच, आणि अखंड. आपण किचनमध्ये दोन बाय दोनची टाइल लावतो ती मशीनची, हे 16व्या शतकात भट्टीत हातानं भाजलेलं आहे, वाकलं नाही, तडकलं नाही, ही कारागिरीच मुळात अचाट. पण डिझाइन बघा. लांब लांब पानं, करवतीसारख्या कडांची, तलवारीसारखी वळलेली, एक पान दुसऱ्याच्या पोटातून आरपार जातंय, मधेमधे कमळासारखी मोठी फुलं, पानांत बसलेले पक्षी, आणि खाली हरणासारखा एक चिनी काल्पनिक प्राणी, चिलिन, पाय उचलून. रंग फक्त पांढऱ्यावर निळा आणि फिरोजी. जवळ जाऊन (हात न लावता) रेष बघितली तर कळतं की ती कुठे जाड होतेय कुठे केसासारखी बारीक, म्हणजे ब्रश धरणाऱ्या माणसाचा दाब तसाच्या तसा उतरलाय.

हे डिझाइन शाहकुली या चित्रकाराचं किंवा त्याच्या हाताखालच्या लोकांचं मानतात. हा शाहकुली मूळ तब्रीझचा. तिथून आधी अमास्याला आणि मग इस्तंबूलला आला आणि सुलतान सुलेमानच्या काळात दरबारी चित्रशाळेचा प्रमुख झाला. सुलेमान स्वतः त्याच्या कामाच्या जागी जाऊन बसायचा आणि त्याला चितारताना बघायचा असं लिहून ठेवलंय. दरबाराच्या पगारपत्रकात चित्रकारांचे दोन गट असायचे, एक रूमी म्हणजे इथले, एक अजमी म्हणजे इराणकडचे. दोघं एकाच कारखान्यात, म्हणजे चुरस बाहेरच्या शत्रूशी तर होतीच, आतही होती. पुढे शाहकुलीचाच शिष्य कारा मेमी, त्यानं ही वळणदार काल्पनिक पानं बाजूला ठेवली आणि बागेतली खरी फुलं आणली, ट्युलिप, कार्नेशन, गुलाब, हायसिंथ, आज आपण ज्याला बघता क्षणी 'तुर्की डिझाइन' म्हणतो ते. म्हणजे तब्रीझहून आलेल्या उस्तादाच्या हाताखाली शिकून, पण त्याच्यापेक्षा वेगळं काहीतरी करून, ऑटोमन कलेला स्वतःचा चेहरा मिळाला. मला ही गोष्ट फार फार आवडली. लुटून आणलेल्या माणसांकडून नक्कल करून घेता येते, पण पुढच्या पिढीनं त्यातून स्वतःचं काढलं नाही तर ती नक्कलच राहते.

तिथेच वीस पावलांवर बगदाद कोश्क (कोश्क म्हणजे बागेतला छोटा महाल). आणि त्याच्या आधी रेवान कोश्क. हे दोन्ही म्हणजे विजयाचे मंडपच. सुलतान मुराद चौथा यानं 1635 मध्ये सफवींकडून येरेवान घेतलं, त्याच्या आठवणीत रेवान कोश्क. 1638 मध्ये बगदाद घेतलं, त्याचा बगदाद कोश्क. येरेवान तर सफवींनी पुढच्याच वर्षी परत घेतलं, मंडप मात्र उभा राहिला. बगदाद कोश्कच्या आत शिंपले आणि कासवाच्या कवचाच्या जडावाची दारं आहेत, निवांत बघण्यासारखी. पण त्याच्या भिंतीवरचे निळे पॅनल नीट बघा, ओळखीचे वाटतात ना? शाहकुलीच्याच त्या पॅनलची ही शंभर-एक वर्षांनंतरची नक्कल आहे. दोन्हीकडे फेऱ्या मारून शेजारी शेजारी बघितलं की फरक लगेच कळतो, इथे पानं तीच पण रेष सैल, जोर नाही, निळा जरा पसरल्यासारखा. गाइडकाका म्हणाले ते पटलं, की ज्या शत्रूवरचा विजय साजरा करायला मंडप बांधला त्याच्याच मुलखातून आलेल्या उस्तादाचं डिझाइन भिंतीवर लावावंसं वाटलं, कारण तोपर्यंत ते कोणाला परकं वाटतच नव्हतं. आणि दर्जा का उतरला त्याचंही कारण आहे, इझनिक या टाइल्ससाठी प्रसिद्ध गावाच्या कुंभारांना दरबार टाइल्सचे भाव बांधून द्यायचा, महागाई वाढत गेली तरी भाव तेच, मग चांगलं काम परवडणार कसं.

आता एक वस्तू जी इथे नाहीये, पण तिची गोष्ट कळल्याशिवाय टोपकापी अपुरं आहे असं माझं मत. शाह इस्माईलचा मुलगा शाह तहमास्प, त्याच्यासाठी तब्रीझमध्ये शाहनाम्याची (इराणी राजांचं फारसी महाकाव्य) एक पोथी तयार झाली, 1520 च्या दशकात काम सुरू झालं, 759 पानं आणि 258 चित्रं! सुलतान मुहम्मद, मीर मुसव्विर असे एकाहून एक उस्ताद त्यावर बसले. आणि मग या तहमास्पचं मन चित्रांवरून उडालं, तो धार्मिकतेकडे वळला, चित्रकारांना काम उरलं नाही. 1568 मध्ये त्यानं ही अख्खी पोथी उचलून नवीन ऑटोमन सुलतान सेलीम दुसरा याला गादीवर बसल्याबद्दल नजराणा पाठवली. ज्यांच्या आजोबांनी तब्रीझ लुटलं त्यांच्या नातवाला! दोघांत झालेला तह टिकावा हा हिशोब होताच, पण मला वाटतं त्यात 'बघा, आमच्याकडे काय काय होतं ते' हेही होतंच. पुढे दोनशेवर वर्षं ती टोपकापीत होती, 1800 च्या सुमारास सुलतानाच्या एका अधिकाऱ्यानं चित्रांमागची गोष्ट तुर्कीत लिहून पानांना जोडली, म्हणजे तोपर्यंत कोणीतरी ती उघडून बघत होतं, कौतुक करत होतं. नंतर ती युरोपात गेली, पुढे 1959 मध्ये एका अमेरिकन संग्राहकानं घेतली आणि त्यानं तिची पानं सुटी करून टाकली. हे ऐकून मला अक्षरशः राग आला. 78 चित्रं न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला, काही लिलावात जगभर, आणि राहिलेली 118 चित्रं 1994 मध्ये इराणनं एका आधुनिक अमेरिकन पेंटिंगच्या बदल्यात परत मिळवली. चार शतकं, तीन दरबार, दोन लढाया जे करू शकले नाहीत ते एका माणसाच्या कात्रीनं केलं.

आणि इथूनच आपल्याकडचा धागा सुरू होतो. तहमास्पकडे 1544 मध्ये आपला हुमायून आला होता, राज्य गमावून, आश्रय मागायला. तिथे त्याला हे चित्रकार दिसले. मीर सय्यद अली (वर म्हटलं त्या मीर मुसव्विरचा मुलगा) आणि अब्दुस्समद, दोघं पुढे काबूलला हुमायूनकडे आले आणि त्याच्याबरोबर 1555 मध्ये दिल्लीत. लहान अकबर त्यांच्याकडून चित्रं काढायला शिकला, आणि गादीवर आल्यावर त्यानं त्यांच्याकडून हम्जानामा (अमीर हम्जाच्या साहसकथा) करून घेतला, सुती कापडावरची मोठमोठी 1400 चित्रं, पंधरा-एक वर्षं चाललेलं काम, शंभराच्या वर माणसं. इराणी उस्ताद, हाताखाली गुजरात, ग्वाल्हेर, काश्मीरकडचे चित्रकार. त्यातून जे निघालं ते ना इराणी ना जुनं भारतीय, मुघल चित्रकला. एका शाहानं चित्रांकडे पाठ फिरवली आणि त्याचा फायदा इस्तंबूलला पण झाला, दिल्लीला पण झाला.

पुढच्या पिढीत तर उघड उघड चढाओढ. जहांगीरनं 1613 मध्ये इराणला वकील पाठवला, त्याच्याबरोबर बिशनदास हा चित्रकार, काम काय तर शाह अब्बासचं हुबेहूब चित्र काढून आणणं. परत आल्यावर बिशनदासला हत्ती बक्षीस! आणि त्याच सुमाराला अबुल हसननं एक चित्र काढलं, आता वॉशिंग्टनला आहे, जहांगीर आणि शाह अब्बास पृथ्वीच्या गोलावर उभे, गळाभेट घेतायत. जहांगीर सिंहावर, अब्बास कोकरावर, आणि सिंह आळोखेपिळोखे देत कोकराला ढकलतोय पार भूमध्य समुद्राकडे. दोघं आयुष्यात कधी भेटले नाहीत. 1622 मध्ये अब्बासनं मुघलांकडून कंदाहार घेतलं ते घेतलंच, चित्रानं काही अडलं नाही. पण चित्रकारानं शत्रूचा चेहरा इतक्या निगुतीनं काढलाय, पोर्ट्रेट म्हणून ते उत्तमच आहे.

खजिना सगळ्यात शेवटी बघा, संध्याकाळकडे रांग कमी होते. हिऱ्यापेक्षा दोन वस्तू शोधा. एक, सोन्याचं तख्त, चौथऱ्यासारखं रुंद, लाल-हिरवी मीनाकारी, वर मोती, माणकं, पाचू दाटीवाटीनं. पूर्वी याला शाह इस्माईलचं तख्त म्हणायचे, चाल्दिरानची लूट म्हणून. पण ते 18व्या शतकातलं हिंदुस्थानी काम आहे. नादिरशहानं 1739 मध्ये दिल्ली लुटली (त्याच वर्षी इकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हाचं ते), आणि 1746 मध्ये ऑटोमनांशी तह झाल्यावर सुलतान महमूद पहिला याला हे तख्त नजराणा दिलं. दुसरी वस्तू म्हणजे तो पाचूचा खंजीर, मुठीवर तीन मोठाले पाचू, आणि मुठीच्या टोकाला झाकण उघडलं की आत छोटं घड्याळ. तो महमूदनं नादिरशहाला परतीचा नजराणा म्हणून पाठवला होता. वकील वाटेत असतानाच 1747 मध्ये नादिरशहाचा खून झाला आणि खंजीर परत आला. म्हणजे पाठवलेली भेट आणि आलेली भेट दोन्ही आज एकाच छताखाली आहेत, ग्रुपमध्ये मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही दोन्ही गोष्टींसमोरून 'किती भारी ना' म्हणत गेलो होतो. आत फोटोला बंदी आहे, मला ते बरंच वाटलं, माणसं निदान बघतात तरी.

महाराष्ट्राचा संबंध कुठे म्हणाल तर आहे, आणि लांबचा नाही. विजापूरची मुलुखमैदान तोफ 1549 मध्ये आपल्या अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ओतली, ओतणाऱ्याचं नाव तोफेवरच कोरलंय, मुहम्मद बिन हुसेन रूमी, रूमी म्हणजे ऑटोमन मुलखातला. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती. त्याच निजामशाहीत 1565 च्या सुमाराला तयार झालेली सचित्र फारसी पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, हुसेन निजामशहावरची, पद्धत इराणी पण बायका नेसल्या-सजल्यात त्या दख्खनी. इस्तंबूलपर्यंत तिकीट काढणाऱ्यांनी सदाशिव पेठेतलं हे आधी माहीत करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं. मंगळवारी बंद असतं, त्या दिवशी प्लॅन करू नका. ट्रामनं सुलतानअहमत किंवा गुलहाने स्टॉप. दालनं अधूनमधून दुरुस्तीला बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी साइट बघा, विशेषतः सुन्नत ओदासी आणि खजिना उघडे आहेत ना ते. पोथ्या आणि लघुचित्रं बरीचशी ग्रंथालयात असतात, मांडलेली थोडीच दिसतात, त्यामुळे फक्त चित्रांसाठी जाणार असाल तर आधी चौकशी करा. गाइड घेतलात तर लायसन्स बघून घ्या आणि आधीच सांगा की टाइल्स आणि कोश्क नीट बघायचेत, हरेम घाईत उरकलं तरी चालेल. नाहीतर बहुतेक गाइड उलटं करतात. पायात चांगले बूट, सगळीकडे दगडी फरशी आणि चढउतार, ज्येष्ठ मंडळी असतील तर दुपारी मधे बसायला वेळ ठेवा.

दिवस उरला तर दोन जोड द्या. सुलतानअहमत चौकात इब्राहिम पाशाच्या वाड्यात तुर्की आणि इस्लामी कलांचं म्युझियम आहे, तिथले गालिचे अप्रतिम, आणि टोपकापीच्या मानानं गर्दी काहीच नाही. आणि मसाला बाजाराजवळची रुस्तम पाशा मशीद, 1560 च्या दशकातली, आत भिंतभर इझनिकच्या टाइल्स, शाहकुलीच्या पॅनलमध्ये नसलेला तो टोमॅटोसारखा लाल रंग इथे पृष्ठभागावरून किंचित वर उठलेला दिसतो. जिना दुकानांच्या गल्लीतून वर जातो, पटकन सापडत नाही, कोणालाही विचारा. नमाजाच्या वेळा टाळा, डोक्याला ओढणी जवळ ठेवा.